काडतूस आणि लोटा

1857 वर आपल्याकडं ढिगानं लिहिलं जातं. शाळेच्या पुस्तकापासून नाटक-सिनेमापर्यंत पहिला अंक ठरलेला. एनफिल्ड रायफलीचं काडतूस, गाईडुकराची चरबी, शिपायाचा संताप. माझी तक्रार या अंकातल्या एका माणसाबद्दल आहे.

आधी वस्तू बघू. 1853 च्या नमुन्याची ही रायफल. नळीचा व्यास 0.577 इंच. काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी, आत काळी दारू आणि शिशाची गोळी. पुंगळीचं टोक दातानं फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि वंगण लावलेल्या कागदासकट गोळी गजानं आत दाबायची. काळ्या दारूची काजळी नळीत साचते, गोळी अडकते, म्हणून वंगण. त्यात गाईडुकराची चरबी येऊ नये अशी खास खबरदारी घेतली नव्हती, हे कंपनीच्याच खात्यानं कबूल केलं. तेव्हा शिपायाची शंका उगाच नव्हती.

आता माणूस. जानेवारी 1857, कलकत्त्याजवळचं डमडम. दारूगोळ्याच्या कोठारातल्या एका खलाशानं ब्राह्मण शिपायाकडं लोटाभर पाणी मागितलं. लोटा बाटेल म्हणून शिपायानं नाही म्हटलं. खलाशी उलटून बोलला की, थांब, लवकरच चरबीचं काडतूस दातानं फोडशील, मग कुठली जात? कॅप्टन राइटच्या 22 जानेवारीच्या पत्रात हे आहे. त्याचं नाव मात्र नाही.

इतिहासकार त्याला निरोप्या म्हणून वापरतात. बातमी पोचली की त्याचं काम संपलं. पण क्रम नीट लावा. काडतुसाला नकार नंतर आला, पाण्याला आधी.

उत्तर प्रदेशातल्या दलित पुस्तिकांनी त्याला मातादीन भंगी हे नाव दिलं, बंडाची ठिणगी टाकणारा पहिला वीर ठरवलं. त्यामागची तळमळ मी समजतो, पण मला ते पटत नाही. मित्रांनो, कुणाचा धर्म वाचवायला तो बोलला नव्हता. अपमानाला त्यानं उत्तर दिलं. त्याला दुसऱ्यांच्या मिरवणुकीत पुढं उभं करून आपण ते उत्तरच पुसतो.

दुसऱ्या बाजूलाही भुलू नका. मुंबई आणि मद्रासच्या फौजांत अस्पृश्य मोठ्या संख्येनं होते, बंड मोडायला त्या फौजा उपयोगी पडल्या, हे बाबासाहेबांनीच नोंदवलंय. बक्षीस काय मिळालं? 1890 नंतरच्या दशकात महारांची भरतीच बंद. 1894 साली गोपाळबाबा वलंगकरांना त्यासाठी अर्ज लिहावा लागला. बंडवाल्यांनी लोटा दिला नाही, सरकारनं हातात बंदूक ठेवली नाही.

आणि काडतुसाचं काय झालं? काही आठवड्यांतच कंपनीनं कवायत बदलली, दाताऐवजी हातानं फाडा म्हणाली. सवर्णाच्या विटाळाच्या भीतीपुढं साम्राज्यसुद्धा इतक्या लवकर वाकलं. आपल्या तहानेला मात्र 20 मार्च 1927 पर्यंत थांबावं लागलं. 70 वर्षं! तेही कुणी दिलं नाही, महाडला चवदार तळ्यावर जाऊन आपणच ओंजळ भरली.

म्हणून यापुढं 1857 वरचं कुठलंही पुस्तक हातात आलं की मंगल पांडे कुठल्या पानावर ते नंतर बघा. त्या खलाशाला पाणी मिळालं का, एवढं लेखकाला सुचलंय का, ते आधी तपासा.