आस्वाद, अभिनंदन आणि गोडी : काही पालि शब्दांच्या मराठी अर्थाविषयी

पालि आणि मराठी यांचे नाते जवळचे आहे. परंतु पालिचा मराठी अनुवाद करणाऱ्यास हेच नाते पुष्कळदा अडचणीचे ठरते. शब्द ओळखीचा दिसतो म्हणून तो तसाच ठेवला जातो; अर्थ मात्र मधल्या काळात पालटलेला असतो. 'वेदना' हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. पालित वेदना सुखद, दुःखद आणि अदुःख-असुख अशी त्रिविध आहे. मराठीत ती केवळ दुःखाची उरली. या शब्दाविषयी अभ्यासक बहुधा सावध असतात. चाखणे, रुचणे, उपभोगणे या अर्थाच्या शब्दांविषयी मात्र तशी सावधगिरी अद्याप दिसत नाही, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काहींचा विचार करावयाचा आहे.

प्रथम 'अस्साद' हा शब्द घेऊ. अस्साद, आदीनव आणि निस्सरण ही त्रयी निकायांत वारंवार येते. 'आस्वाद' असे रूप दिले की भाषांतर झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आजच्या मराठीत आस्वाद हा साहित्याच्या व संगीताच्या रसिकाचा शब्द झाला आहे. त्यात कौतुक आहे. उलट 'उपभोग' म्हटले की त्यात निंदा येते. पालितील अस्साद हा स्तुतीचाही नव्हे आणि निंदेचाही नव्हे. एखाद्या वस्तूपासून जे सुख व सौमनस्य खरोखर उत्पन्न होते, त्याचे ते नाव आहे. मज्झिमनिकायातील महादुक्खक्खन्धसुत्तात पाच कामगुणांपासून होणाऱ्या सुखाला अस्साद म्हटले आहे. आणि त्याच सुत्तात पुढे ध्यानावस्थेतील व्याबाधारहित वेदनेलाही अस्सादच म्हटले आहे. तेथे 'उपभोग' हा शब्द घातला तर ध्यानाचा अर्थ बिघडतो. 'आस्वाद' घातला तर कामगुणांचा गौरव होतो.

यातून उद्भवणारी चूक केवळ शब्दाची नाही. लोकांत अस्साद नसता तर प्राणी त्यात आसक्त झालेच नसते, असे तथागतांनी स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे सुख आहे, हे प्रथम मान्य केलेले आहे. त्यानंतर त्यातील दोष आणि त्यानंतर सुटका. पहिले पद अनुवादात पुसट झाले की उरलेली दोन पदे जीवनाचा तिटकारा शिकवीत आहेत असा भास होतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, धम्म निराशावादी ठरतो की काय हा प्रश्न मुद्दाम उपस्थित केला होता. त्याचे उत्तर शोधताना अस्सादाचा यथार्थ अर्थ साहाय्यक ठरेल, अशी आमची धारणा आहे.

दुसरा शब्द 'अभिनन्दति'. मराठीत अभिनंदन परीक्षेत उत्तीर्ण झालेल्याचे करतात. पालित मात्र 'अभिनन्दति, अभिवदति, अज्झोसाय तिट्ठति' असा तीन पायऱ्यांचा क्रम आहे. संयुत्तनिकायाच्या अट्ठकथेत त्याचा उलगडा मोठा मार्मिक केला आहे : प्रथम वस्तूची इच्छा धरणे, मग 'अहा, किती प्रिय!' असे तोंडाने बोलणे, आणि शेवटी ती जणू गिळून धरणे. जेवणाऱ्या माणसाचेच हे चित्र आहे. तेथे 'अभिनंदन करतो' असे लिहिल्यास वाचकाला काहीच बोध होणार नाही.

या दृष्टीने मधुपिण्डिकसुत्त विशेष पाहण्यासारखे आहे. कपिलवस्तूच्या निग्रोधारामातील हा प्रसंग. दण्डपाणि शाक्याच्या प्रश्नावरून निघालेल्या या उपदेशात भगवान सांगतात की, जेथे अभिनन्दन, अभिवदन व अज्झोसान करण्याजोगे काही उरत नाही, तेथेच कलह, विवाद आणि शस्त्र उचलणे यांचा अंत होतो. महाकच्चान त्याचे विवरण करतात. शेवटी आनंद म्हणतात की, भुकेने व्याकूळ झालेल्या माणसाला मधाचा गोळा मिळावा आणि त्याने तो कोठूनही चाखावा, तरी तो मधुरच लागावा, तसा हा उपदेश आहे. येथील 'सायति' म्हणजे चाखणे आणि 'सादु' म्हणजे मधुर. हे दोन्ही शब्द अस्सादाच्याच 'स्वद्' धातूचे. इतकेच नव्हे, तर सुत्ताच्या अखेरीस आनंदांनी भगवंतांच्या भाषणाचे जे केले त्यासाठीही 'अभिनन्दि' हेच क्रियापद आहे! तेव्हा चाखणे व आनंदणे यांचे उच्चाटन धम्मात नाही. निषेध आहे तो गिळून धरण्याचा.

मराठीत या शब्दांना प्रतिशब्द नाहीत असे नाही. अस्सादाला आम्ही 'गोडी' हा शब्द सुचवितो. गोडी वस्तूत असते, आणि 'गोडी लागणे' हे माणसाचे होते. हा भेद आपल्या भाषेने आपणहून केला आहे. मग अभिनन्दति म्हणजे 'गोडी लागते', अभिवदति म्हणजे 'वाखाणतो', अज्झोसाय तिट्ठति म्हणजे 'गुंतून पडतो'. सुत्ताच्या अखेरच्या वाक्यात मात्र 'हर्षाने स्वीकार केला' असेच म्हणावे लागेल. एका पालि शब्दाला सर्वत्र एकच मराठी शब्द हा आग्रह तेथे सोडावा. तसेच आनापानसतीतील 'पीतिपटिसंवेदी' याचे भाषांतर 'प्रीतीचा आस्वाद घेणारा' असे न करता 'प्रीती अनुभवणारा' असे करावे. कारण तेथे चव घेण्यापेक्षा जाणण्यावर भर आहे.

गोडी हा घरगुती शब्द आहे, ग्रंथास शोभणार नाही, असा आक्षेप येईल. परंतु बुद्धवचन छांदस भाषेत घालण्याची अनुज्ञा भगवंतांनी नाकारली, हे चुल्लवग्गात नमूद आहे. आपल्या विहारांत सुत्तपठण ऐकणाऱ्या उपासक-उपासिकांना जो शब्द स्वयंपाकघरात कळतो, तोच धम्मासनावरून कळला तर त्यात उणेपणा तो कोणता? जाणत्या अनुवादकांनी या सूचनेचा विचार करावा, आणि याहून योग्य शब्द आढळल्यास तो अवश्य पुढे आणावा, अशी आमची विनंती आहे.