‘अळवावरचे पाणी’ आणि धातूची झीज

विनोबांनी १९३०-३१ मध्ये वर्ध्यास गीताई रचली. पाण्याने न लिंपणाऱ्या पद्मपत्राची उपमा तिच्या पाचव्या अध्यायात येते. लोकभाषेने त्याच निरीक्षणावरून ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार घडविला. उपमेत लक्ष पानाच्या अलिप्ततेवर आहे, वाक्प्रचारात थेंबाच्या चंचलतेवर. जलविरोधी धातुपृष्ठांच्या झीज-परीक्षेवरील लेखनात हा भेद वारंवार नजरेआड होतो.

बार्थलॉट व नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये दाखविले की, कमळाच्या आणि अळवाच्या पानांवर सूक्ष्म खडबडीतपणा व मेण एकत्र नांदतात. घरंगळणारा थेंब धूळही वाहून नेतो. धातूवर हाच गुण आणण्यासाठी पृष्ठ आम्लाने वा लेसरने खडबडीत करून त्यावर पाण्याशी सलगी न करणारा पातळ लेप चढवितात. थेंब शिखरांवर आणि मधल्या हवेवर टेकतो. स्पर्शकोन १५० अंशांहून अधिक भरला आणि पृष्ठ १० अंशही न कलवता थेंब घरंगळला, तर पृष्ठ अतिजलविरोधी मानतात.

परीक्षेत असे पृष्ठ वजनाखाली काचकागदावर ओढतात. शिखरे बोथट होतात, लेप उडतो, उघड्या धातूवर थेंब चिकटतो. पानाचे मेण पुन्हा स्रवते. धातूला ती सोय नाही. गंमत अशी की, झिजलेल्या पृष्ठावरही स्पर्शकोन पुष्कळदा मोठाच राहतो. थेंब गोलच दिसतो, पण पृष्ठ उलटे धरले तरी हलत नाही. केवळ स्पर्शकोन देऊन पृष्ठास ‘टिकाऊ’ म्हणणारा लेखक म्हणूनच पद्मपत्र पाहतो, अळवावरचे पाणी पाहत नाही. शिवाय ‘टिकाऊ’ हे विशेषण एकटे उभे राहू शकत नाही. कशापुढे, किती भाराखाली, किती अंतर घासल्यावर, हे न सांगता ते योजणे म्हणजे वाक्य अर्धवट सोडणे होय.

तियान, व्हेर्हो आणि रास यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये सर्वांसाठी समान घर्षण-परीक्षेचा आग्रह धरला, तो यामुळेच रास्त वाटतो. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने नाजूक रचना भक्कम सूक्ष्म चौकटींच्या आत दडविली, घर्षण चौकटीने सोसावे, ही त्यामागील कल्पना.

‘जलरोधक’ हा शब्द तरी या चर्चेत योजू नये. छत्री जलरोधक असते, तिच्यावर थेंब चिकटून राहिले तरीही.