भोवळ, स्पर्धा आणि टेकण्याचा क्षण : ‘एसएसएक्स ट्रिकी’ या खेळाची मीमांसा

क्रीडामीमांसेच्या क्षेत्रात रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली जे चतुर्विध वर्गीकरण मांडले, त्याचा आधार घेतल्यावाचून खेळांविषयीची तात्त्विक चर्चा आजही फारशी पुढे सरकत नाही. स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ ही ती चार तत्त्वे होत. बुद्धिबळात पहिले प्रधान असते, फाशांच्या खेळात दुसरे, नाटकात तिसरे आणि झोपाळ्यावर चौथे. बर्फावरून घसरत जाण्याचा स्कीइंग हा प्रकार कायवाने भोवळीच्या रकान्यात घातला आहे. ही तत्त्वे परस्परांत मिसळू शकतात, हे त्याला मान्य होते. मात्र स्पर्धा आणि भोवळ यांचा मिलाफ संभवत नाही, असे त्याचे निःसंदिग्ध प्रतिपादन होते. त्यामागील युक्तिवाद सरळ आहे. भोवळीचे सुख स्वतःवरील ताबा सुटण्यात असते, आणि ताबा हेच तर स्पर्धकाचे भांडवल असते. एकाच क्षणी दोन्ही कशी साधावी ?

हा सिद्धांत जसाच्या तसा स्वीकारणे महाराष्ट्रातील वाचकास जड जावे. मंगळागौरीच्या रात्री फुगडी घालणाऱ्या दोघींत आधी कोण दमते याची चुरस असतेच, आणि ती चुरस भोवळीच्या पोटातच चाललेली असते. परंतु फुगडीची साक्ष येथे निर्णायक मानण्याचे कारण नाही. कारण तीत स्पर्धा केवळ टिकून राहण्याची आहे, कौशल्याच्या बारकाव्यांची नाही, असे कायवाच्या वतीने म्हणता येईल. सिद्धांताची खरी कसोटी पाहावयाची तर भोवळ आणि कौशल्य या दोहोंची एकाच वेळी मागणी करणारा खेळ शोधावा लागेल. आर्केड पद्धतीचे स्नोबोर्डिंगचे व्हिडिओ गेम हा असा एक प्रकार आहे, आणि त्यांतील ‘एसएसएक्स ट्रिकी’ हा त्याचा उत्कृष्ट नमुना मानावयास हरकत नाही.

‘आर्केड पद्धती’ हा शब्द नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवरून आला. अशा यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसास दोन-चार मिनिटांतच रस वाटला पाहिजे; नियम शिकावयास त्याला सवड नसते. नामको या जपानी कंपनीच्या १९९६ सालच्या ‘अल्पाइन सर्फर’ या यंत्रात तर खेळाडूला प्रत्यक्ष फळीवरच उभे राहावे लागे. ‘एसएसएक्स’ हा घरच्या यंत्रावरील खेळ. ईए कॅनडा या संस्थेने तो घडविला आणि २००० साली अमेरिकेत प्लेस्टेशन २ या यंत्राबरोबरच तो विक्रीस आला. २००१ सालचा ‘एसएसएक्स ट्रिकी’ हा त्याचाच वाढविलेला अवतार होय. यंत्र घरचे असले तरी स्वभाव नाण्याच्या यंत्राचाच राहिला.

या खेळात मजा का येते, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे की तो अवास्तव आहे. माणसे घरांच्या उंचीवरून उड्या घेतात, हवेत पाच-सहा गिरक्या मारतात, आणि उतरल्यावर काही झालेच नाही अशा थाटात पुढे निघतात. हवाईच्या समुद्रातील हिमनगावर एक शर्यत होते. टोकियोतील मार्ग तर एखाद्या प्रचंड पिनबॉल यंत्राच्या पोटातून गेल्यासारखा आहे. हे वर्णन खरे आहे, परंतु ते उत्तर नव्हे. अवास्तव खेळ शेकड्यांनी निघाले आणि विसरलेही गेले. अवास्तवता कोठे आणली आणि कोठे नाकारली, हे पाहिल्यावाचून तिचे श्रेय ठरविता येत नाही.

या दृष्टीने वास्तवातील स्नोबोर्डिंगची रचना ध्यानी घेणे उपयुक्त ठरेल. १९९८ साली नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये या क्रीडेचा प्रथम समावेश झाला, तो दोन वेगळ्या स्पर्धांच्या रूपाने. एक जायंट स्लालम, म्हणजे खांबांमधून वळणे घेत कमीत कमी वेळात खाली पोचण्याची शर्यत; दुसरी हाफपाइप, म्हणजे अर्धनळीच्या आकाराच्या हिममार्गात उड्या व गिरक्यांची करामत दाखवून परीक्षकांकडून गुण मिळविण्याची. ही फारकत सकारण आहे. शर्यतीत फळी बर्फ सोडून जितका वेळ हवेत राहील तितके नुकसान. आणि गिरकी घेतल्याने कोणाचाही वेग वाढत नाही. पहिल्या स्पर्धेत भोवळ हा अपव्यय आहे, आणि दुसरीत प्रतिस्पर्धी शेजारी नसतो. कायवाचे म्हणणे वास्तवातील या व्यवस्थेने जणू उचलूनच धरले आहे.

‘ट्रिकी’ने केलेली मूलभूत लबाडी येथे आहे, आणि ती एकच आहे. हवेतील करामतीचे रूपांतर जमिनीवरील वेगात होते. प्रत्येक यशस्वी करामतीने पडद्याच्या कडेची एक पट्टी भरत जाते. तीत साठलेला जोर, ज्याला खेळाडू ‘बूस्ट’ म्हणतात, कळ दाबून खर्चिता येतो. जोराने वेग वाढतो, वेगाने पुढची उडी लांबते, लांब उडीत मोठी करामत बसते, आणि तिच्यातून पुन्हा जोर मिळतो. असे हे चक्र आहे. यामुळे शर्यत जिंकू पाहणाऱ्याला सावधपणे खाली उतरत राहण्याची सोय उरत नाही. जिंकावयाचे तर उडावेच लागते. जे वास्तवात हौसेचे आणि खर्चाचे होते ते येथे निर्वाहाचे साधन बनले. स्पर्धेनेच स्पर्धकाला भोवळीकडे ढकलावे, ही कल्पना कायवाच्या हिशेबात नव्हती.

तथापि एवढ्यानेही आनंदाचा उलगडा होत नाही. उडी जर केवळ कळ दाबण्याचे फळ असती, तर चक्र फिरले असते आणि खेळाडू कंटाळला असता. म्हणून एका उडीचे पृथक्करण करणे आवश्यक आहे.

उंचवट्याकडे येताना खेळाडू उडीची कळ दाबून धरतो. स्वार गुडघ्यांत वाकतो. त्याच वेळी दिशेची कळ दाबली की त्याचे अंग पिळवटल्यासारखे एका बाजूस वळते आणि गिरकीची पूर्वतयारी होते. उंचवट्याच्या अगदी कडेला कळ सोडावयाची. लवकर सोडली तर उडी खुजी होते. उशीर झाला तर वाकण्याचे श्रम वाया जातात. कडा सुटली की अंगातील पीळ उलगडतो आणि स्वार फिरू लागतो. आता बोटांखालच्या इतर कळांनी फळी निरनिराळ्या ठिकाणी धरता येते, आणि ती जितका वेळ धरावी तितके मोल वाढते. मात्र फळी हातात असताना, किंवा गिरकी अर्धवट असताना बर्फ आले, तर स्वार कोसळतो आणि साठलेला जोर गमावतो.

या नियमाचा अर्थ असा की हवेतील प्रत्येक क्षणी खेळाडूपुढे एकच प्रश्न उभा असतो : अजून थोडे, की आता पुरे ? उत्तरासाठी त्याच्याजवळ कोणतेही मापन नाही. दृश्य स्वाराच्या पाठीमागून दिसते. खालचा उतार स्वतःच खाली जात असतो, त्यामुळे जमीन अपेक्षेपेक्षा उशिरा येते, आणि कधी एखादा उंचवटा मध्येच वर आल्याने अकस्मात लवकर येते. डोळा अंदाज बांधतो, बोट तो पाळते किंवा मोडते. लोभ आणि विवेक यांचा झगडा दोन-तीन सेकंदांत मावेल इतका लहान करून येथे मांडला आहे, आणि एका उतरणीत तो पुन्हा पुन्हा घडतो.

संगीताच्या जाणकारास हा अनुभव परका वाटू नये. तबलावादक तिहाई उचलतो तेव्हा श्रोत्याचा जीव समेकडे लागलेला असतो. तिहाई जितकी वाकडी, तितके समेवर येण्याचे समाधान मोठे. ‘ट्रिकी’तील टेकण्याचा क्षण हीच त्याची सम होय. गिरकीतील भोवळ ही टेकण्याच्या अचूकतेमुळे अर्थपूर्ण होते, आणि अचूकतेला जी धार येते ती भोवळीमुळे. कायवाने ज्यांची सोयरीक अशक्य मानली ती दोन तत्त्वे येथे एकमेकांत विरघळत नाहीत, हे खरे. ती एका बिंदूवर भेटतात. देहाला धोका नसल्याने भोवळ माणसाला थिजवीत नाही, आणि जोर गमावण्याचा धोका असल्याने ती निव्वळ झोपाळाही राहत नाही.

टेकण्याच्या बाबतीत कठोर असलेला हा खेळ इतरत्र कमालीचा क्षमाशील आहे, आणि ही वाटणी फार विचारपूर्वक झालेली दिसते. मार्गावरील लोखंडी कठड्यांवर फळी सहज जाऊन बसते. तेथे तोल सांभाळण्याची वेगळी परीक्षा नाही. उंचावरून पडल्याने हाड मोडत नाही. पडलेला स्वार क्षणात उठतो. ‘गॅरिबाल्डी’ या पहिल्याच मार्गावर डावी-उजवीकडे इतक्या वाटा फुटतात की चुकून भलतीकडे गेलेल्याला ती चूकच आडवाट म्हणून उपयोगी पडावी. प्रतिस्पर्ध्याला धक्का देऊन पाडणे हा तर येथे गुन्हा नसून कमाई आहे. त्यानेही जोर मिळतो. कडकपणाचा सगळा साठा एकाच ठिकाणी ओतल्यामुळे त्या ठिकाणाला वजन येते.

निन्टेंडोच्या १९९८ सालच्या ‘१०८०° स्नोबोर्डिंग’शी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. तो खेळ निःसंशय श्रेष्ठ प्रतीचा आहे. फळीची धार बर्फात रुतताना होणारा कर्कश आवाज, वळणावर मागे खेचणारे वजन, उतरताना फळी उताराशी जुळवून घेण्याची सक्ती, यांत जी कारागिरी आहे ती ‘ट्रिकी’त नाही. तेथे कठोरपणा सर्वत्र पसरलेला आहे. नावात असलेली तीन पूर्ण गिरक्यांची करामत साधण्यासाठी हाताच्या हालचालींची जी लांबलचक क्रमिका पाठ करावी लागते, ती अनेकांना अखेरपर्यंत जमत नाही. त्या खेळाविषयी आदर वाटतो. अंगात वारे शिरल्यासारखे मात्र होत नाही. दोन्ही भावनांना आपापली जागा आहे, पण त्या एक नव्हेत.

‘ट्रिकी’चा मोठा दोष त्याच्या नावातच दडलेला आहे. जोराची पट्टी पूर्ण भरली की ‘युबर’ नावाच्या विशेष करामती खुल्या होतात. यांत स्वार पट्ट्यांतून पाय सोडवून फळी अंगाभोवती फिरवितो. वास्तवात दोन्ही पाय फळीला जखडलेले असतात, हे आठवले की यातील खट्याळपणा ध्यानी यावा. रन-डीएमसी या गायकवृंदाचे ‘इट्स ट्रिकी’ हे गाणे अशा वेळी उसळून येते, आणि प्रत्येक युबरगणिक त्या इंग्रजी शब्दाचे एकेक अक्षर उजळते. सहाही अक्षरे उजळली की उरलेल्या शर्यतीसाठी जोर अमर्याद होतो. बक्षीस म्हणून हे आकर्षक आहे. रचना म्हणून घातक. जोर संपतच नसेल, तर तो मिळविण्यासाठी उडावयाचे कशाला ? ज्या चक्राने स्पर्धकाला हवेत ढकलले तेच चक्र थांबते, आणि शर्यतीचा शेवटचा तुकडा कळ दाबून धरण्यापुरता उरतो. उत्तम खेळाडूला हा ओसाडपणा इतरांपेक्षा लवकर भेटतो, ही त्यातील विशेष खेदाची बाब.

२००३ सालच्या ‘एसएसएक्स ३’ने सुटे मार्ग टाकून एक अखंड पर्वत उभा केला. त्याच्या माथ्यावरून निघालेला स्वार मध्ये कोठेही न थांबता सुमारे अर्ध्या तासाने पायथ्याशी पोचू शकतो. या दीर्घ उतरणीत एक सूक्ष्म योजना आढळते. मोठी उडी घेतली की संगीतातील भरीव ठोका मागे सरतो, ते विरळ होते आणि वाऱ्याचा आवाज पुढे येतो. फळी टेकताच ठोका पुन्हा पूर्ण अंगाने परततो. टेकण्याची सम येथे अक्षरशः ऐकू येते. पण याच खेळाने फळीच्या टोकावर तोल धरून दोन उड्या एकाच मालिकेत गुंफण्याची सोय केली, आणि तिचे फळ संमिश्र आहे. निष्णात खेळाडू आता पर्वताच्या बऱ्याच भागावर मालिका तुटू न देता जाऊ शकतो. कौशल्याला वाव वाढला, हे निर्विवाद. पण सम पुढे पुढे ढकलली गेली. जी तिहाई दहा मिनिटे चालते ती ऐकणाऱ्याला तिहाई म्हणून जाणवत नाही.

यानंतरच्या प्रयत्नांपैकी २०१२ सालचा ‘एसएसएक्स’ येथे विचारात घेण्याजोगा आहे, तो त्याच्या गुणांपेक्षा एका निर्णयामुळे. खऱ्या पर्वतरांगांच्या आकारांवर बेतलेल्या त्याच्या मार्गांवर जागोजागी अथांग दऱ्या आहेत. चुकलेला स्वार आता टेकता टेकता पडत नाही. तो दरीत नाहीसा होतो. दंड उडीच्या अंदाजावरून उठून वाटेच्या माहितीवर आला : पुढे खड्डा आहे हे आधीच्या फेरीत पाहिलेला वाचतो, न पाहिलेला बुडतो. हा दंड फारच जबर असल्याने तो सौम्य करण्यासाठी काळ उलटा फिरविण्याची कळ द्यावी लागली. ती दाबली की दरीत गेलेला स्वार उलट्या गिरक्या घेत वर येतो आणि पुन्हा कड्याच्या अलीकडे उभा राहतो. शर्यतीतले प्रतिस्पर्धी मात्र तोवर पुढे निघून गेलेले असतात.