कऱ्हाड लोकसभा मतदारसंघाचीं निकालपत्रकें : एक साधन-परीक्षण

कऱ्हाड हें नांव लोकसभेच्या मतदारसंघांच्या यादींत १९५७ सालीं आलें व २००८ च्या पुनर्रचनेंत गळालें. २००४ सालीं निवडून गेलेल्या सभासदाची मुदत २००९ सालीं संपली, तेव्हां हा मतदारसंघ प्रत्यक्षांतही सरला. कऱ्हाड व पाटण हे दोन तालुके त्यांत होते; ते आतां सातारा मतदारसंघांत आहेत. या सरलेल्या मतदारसंघाचा इतिहास लिहूं पाहणाऱ्याच्या हाताशीं येणारें पहिलें साधन म्हणजे निवडणूक आयोगानें प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर प्रसिद्ध केलेला सांख्यिकीय अहवाल. त्यावर सर्वस्वीं विसंबून विधानें होऊं लागलीं आहेत, म्हणून त्या साधनाचें परीक्षण येथें करीत आहों. बखरीस जी कसोटी आपण लावतों ती छापील सरकारी पत्रकास लावूं नये असें कांहीं नाहीं.

प्रथम नांवांचा घोळ. १९४६ सालीं यशवंतराव चव्हाण मुंबई विधिमंडळावर निवडून आले ते दक्षिण सातारा मतदारसंघांतून. हें दक्षिण सातारा म्हणजे तेव्हांच्या अखंड सातारा जिल्ह्याचा दक्षिणभाग. कऱ्हाड त्यांतच मोडे. १९४९ सालीं जिल्हा दुभंगून उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. त्या वेळीं कऱ्हाड व पाटण उत्तरेकडे गेलीं, आणि दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. म्हणजे अवघ्या तीन वर्षांच्या अंतरानें एकाच नांवाखालीं दोन निराळे मुलूख येतात. आम्हीं पाहिलेल्या एका खाजगी संग्रहांत ‘दक्षिण सातारा’ असा मथळा असलेलें बिनसालाचें एक जाहीरपत्रक निःशंकपणें सांगलीच्या बासनांत बांधलेलें होतें. त्यांतील सभांचीं गांवें मात्र बहुतेक कऱ्हाड तालुक्यांतील होतीं.

तसाच घोळ व्यक्तींचा. १९८० सालीं कऱ्हाडाहून लोकसभेंत गेले ते यशवंतराव मोहिते, इंदिरा काँग्रेसचे. त्याच निवडणुकींत साताऱ्याहून निवडून आले ते यशवंतराव चव्हाण, अर्स काँग्रेसचे. चव्हाणांचें घर कऱ्हाडास असल्यामुळें ते कऱ्हाडचे खासदार होते असें जाणतीं माणसेंही बोलून जातात. विधानसभेपुरतें तें खरें आहे. लोकसभेंत ते प्रथम नाशिकहून व १९७१ पासून साताऱ्याहून गेले. कऱ्हाडचे प्रतिनिधि म्हणून ते तेथें कधींच बसले नाहींत.

अहवालाचा याहून मोठा दोष असा कीं, तो सार्वत्रिक निवडणुकांपुरता आहे. १९७१ चा खंड मिटून १९७७ चा उघडला कीं दाजीसाहेब चव्हाण जातात व प्रेमलाबाई चव्हाण येतात. मध्यंतरीं १९७३ सालीं दाजीसाहेबांचें निधन झालें आणि त्याच सालच्या पोटनिवडणुकींत प्रेमलाबाई प्रथम निवडून आल्या, ही गोष्ट या दोन खंडांच्या सांध्यांत हरवते. नुसते खंड चाळणारा त्यांचा लोकसभाप्रवेश चार वर्षें उशिरा मांडील.

आतां ही पोटनिवडणूक धरून कऱ्हाडच्या एकंदर चौदा निवडणुका होतात. पहिल्या चार दाजीसाहेबांनीं जिंकल्या; १९७३, १९७७, १९८४ व १९८९ या चार प्रेमलाबाईंनीं; १९९१, १९९६ व १९९८ या तीन त्यांचे पुत्र पृथ्वीराज चव्हाण यांनीं; १९८० ची मोहित्यांनीं; आणि १९९९ व २००४ या दोन श्रीनिवास पाटील यांनीं. चौदांपैकीं अकरा एका घराकडे गेल्या, एवढ्यावरच बहुतेक लेखक थांबतात. पाटणच्या अभ्यासकास मात्र याच यादींत दुसरें कांहीं दिसावें. चव्हाणांचा मूळ गांव कुंभारगांव, तो पाटण तालुक्यांत. श्रीनिवास पाटलांचा गांव मारुल हवेली, तोही पाटण तालुक्यांतच. (मारुल तर्फ पाटण म्हणून निराळा गांव आहे, दोहोंची गल्लत करूं नये. हवेली आणि तर्फ हे जुन्या महसुली विभागणीचे अवशेष गांवांच्या नांवांत अजून टिकून आहेत.) रेठऱ्याचे मोहिते वजा करतां चौदांपैकीं तेरा वेळां ‘कऱ्हाड’ या नांवानें लोकसभेंत गेलेल्या माणसाचें कुळ पाटण तालुक्यांतलें होतें. १९९९ सालीं तर पडलेला कुंभारगांवचा व निवडून आलेला मारुलचा, अशी ती लढत झाली. निकालपत्रकांत पाटण हा शब्दही न येतां हें सर्व घडलें आहे.

येथें हात आवरला पाहिजे. उमेदवाराचा मूळ गांव पाटणांत, म्हणून पाटणनें त्यास मतें दिलीं, असें सिद्ध होत नाहीं. चव्हाणांचें वास्तव्य व राजकारण कऱ्हाडांत रुजलेलें होतें. पृथ्वीराजांचा तर जन्मही इंदूरचा. कुळाचा गांव निराळा, मतांचा गांव निराळा. १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत शेजारच्या सातारा मतदारसंघानें क्रांतिसिंह नाना पाटील यांस कम्युनिस्ट पक्षातर्फे निवडून दिलें, आणि कऱ्हाडानें काँग्रेसचे दाजीसाहेब पाठविले. हा फरक पाटणच्या डोंगरी गांवांनीं केला कीं कृष्णाकांठच्या गांवांनीं? पाटणांत बाळासाहेब देसाई काँग्रेसचे पुढारी होते, कोयनेचें काम चालू होतें. त्याचा परिणाम म्हणावा तर कोणत्या केंद्रावर किती मतें पडलीं हें दाखवितां आलें पाहिजे. अहवाल संबंध मतदारसंघाची एकच बेरीज देतो. आमच्या मतें या साधनाचें खरें वैगुण्य तें हेंच; बाकीचे दोष थोड्या सावधगिरीनें टाळतां येतात.

इंग्लंडांतील अभ्यासक याबाबतींत सुदैवी. तेथें १८७२ च्या कायद्यानें गुप्त मतदान येईपर्यंत मत उघड द्यावें लागे, आणि कोणत्या मतदारानें कोणास मत दिलें याचीं पुस्तकें, ज्यांस तिकडे पोलबुकें म्हणतात, छापून विकलीं जात. एखाद्या नामशेष ग्रामीण मतदारसंघांतील खाटकानें वा शेतकऱ्यानें कोणाची बाजू घेतली हें तेथील संग्राहक दोनशें वर्षांनंतरही सांगूं शकतो. मालकाच्या धाकाखालीं दिलेलीं तीं मतें होतीं, हें विसरून त्या पुस्तकांचा हेवा करूं नये. आपल्याकडे गुप्तता प्रथमपासूनच आहे. १९५२ व १९५७ सालीं प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तीवर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. १९६२ पासून मतपत्रिकेवर शिक्का उमटविण्याची पद्धत आली. पुढें निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची रीत पडली, ती गांवोगांवच्या मतदारांस सूडापासून वांचविण्याकरितां. हेतु स्तुत्य, पण त्यामुळें त्या वर्षांपुरता गांववार निकाल कायमचा बुजला. २००४ सालीं देशभर मतदानयंत्रें आलीं व केंद्रवार आंकडे पुन्हां मिळूं लागले. कऱ्हाडची तीच शेवटची निवडणूक ठरली.

तेव्हां उरतात तीं दुय्यम साधनें : मतदारयाद्या, उमेदवारांच्या प्रतिनिधींनीं मोजणीच्या टेबलाशीं टिपलेले आंकडे, जाहीरपत्रकें, सभांच्या वर्दीचे कागद, स्थानिक वृत्तपत्रें. मोजणीच्या ह्या टिपणांना आम्ही सर्वांत अधिक मोल देतों. मतपत्रिका मुदतीनंतर नियमाप्रमाणें नष्ट होतात, पण प्रतिनिधीची वही त्याच्या घरींच राहते. पाटण भागांतील एका घरीं जुनें दप्तर पाहण्यास गेलों असतां मोडी कागद कापडांत बांधून देव्हाऱ्याखालीं ठेवलेले दिसले, आणि अशाच एका वहीचीं पानें चुलीशेजारीं सांपडलीं. निम्मीं आधींच जळून गेलीं होतीं. यजमानांस दोष द्यावा असें नाहीं. मोडी कागद जपा म्हणून आपणच घरोघर सांगितलें, वहीविषयीं कोणी बोललें नाहीं.

मतदारयाद्यांविषयीं एक गोष्ट विशेष नमूद करणें अवश्य आहे. कोयनेचें धरण बांधलें जात असतां १९६० नंतरच्या दोनतीन वर्षांत शिवसागर भरत गेला व पाटण तालुक्यांतील कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. माणसें निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरलीं. त्यांपैकीं ज्या गांवांची १९५७ ची यादी मिळेल, त्या गांवांतील प्रौढ स्त्रीपुरुषांची घरवार नांवनिशी, गांव उभें असतांची, तींत सांपडेल. पुढच्या याद्यांत तीं गांवें नाहींत. त्यांतील कोणत्याहि गांवाची छापील यादी कोणा संग्राहकाजवळ फाटक्या स्थितींत कां असेना, असेल, तर तिची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मूळ प्रत मालकानें आपल्याजवळच ठेवावी.