अध्यापनाची परिणामकारकता : विचारायचं कुणाला?

सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांतल्या माध्यमिक शिक्षकांवर जे प्रबंध होतात, त्यांचा साचा ठरलेला असतो. शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, गुणांची बेरीज करायची. मग खुला, इतर मागास, अनुसूचित जाती असे गट पाडायचे, भाषेचे आणि विज्ञानाचे शिक्षक वेगळे काढायचे आणि सरासऱ्या ताडून पाहायच्या. शेवटी निष्कर्ष : 'सार्थ फरक आढळतो' किंवा 'आढळत नाही'.

माझी अडचण इथे सुरू होते. फरक आढळला नाही म्हणजे जात संपली असं नव्हे. आपल्या मोजपट्टीला तो दिसला नाही, एवढंच. आणि आढळला, तर तो जन्माचा की नेमणुकीचा? एक शिक्षक शहरातल्या अनुदानित शाळेत कायम, दुसरा माण किंवा जतच्या दुष्काळी भागात विनाअनुदानित तुकडीवर. सरासरीत हे सगळं विरघळून जातं. विषयाचंही तसंच. गणितात मूल अडलं की लगेच दिसतं. इतिहासात ते पाठांतर करून निसटतं. दोघांना एकच फूटपट्टी कशी चालेल?

आपली भाषाच बघा ना. 'शिकवणे' हे 'शिकणे'चं प्रयोजक रूप आहे. जॉन ड्युई या अमेरिकन तत्त्वज्ञानेही शिकवण्याची तुलना विक्रीशी केली होती : घेणारा नसेल तर विक्री कसली? मग परिणामकारकता फक्त शिक्षकाला विचारून कशी कळणार?

१९०० साली भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात त्यांना कोपऱ्यात, वेगळं, गोणपाटावर बसावं लागे. त्या वर्गाची सरासरी काढली असती तर कदाचित उत्तम आली असती. पण तो कोपरा सरासरीत दिसला नसता. त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढून सर्व जातींची मुलं एकत्र जेवायला बसवली; शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज १९३५ साली आलं. आधी पंगत, मग प्रशिक्षण. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

म्हणून संशोधक मित्रांना विनंती. जातीचा रकाना पुसा असं मी म्हणत नाही, तो ठेवाच. पण मागच्या बाकावरच्या मुलाला एवढं विचारा : 'कळलं नाही, तर सरांना विचारायची भीती वाटते का?' अशा प्रबंधांच्या मौखिकीला मीही बसलोय, तक्ते बघून मान डोलावलीय. हा प्रश्न तेव्हा मी विचारला नाही, त्याची खंत आहे.