‘पूर्ण वर्तमान’ आणि इंग्रजीचा भूतकाळ

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले. तेथे पाळी बदलताना इंग्रजीत नोंद करणारा मराठी भाषिक ‘द मशीन हॅज स्टॉप्ड यस्टरडे’ असे लिहील, तर ते स्वाभाविकच होय. ‘यंत्र काल बंद पडले आहे’ हे मराठीत निर्दोष आहे: ‘काल’ने घटनेची वेळ कळते, ‘आहे’ने यंत्र अद्याप बंद असल्याचे. इंग्रजीत हे रूप ‘यस्टरडे’सह चालत नाही. शालेय व्याकरण मात्र दोन्ही रूपांना ‘पूर्ण वर्तमान’ हे एकच नाव देते. शिक्षकाने केवळ ‘हॅज’ खोडल्यास वाक्य शुद्ध होते, परंतु यंत्राची आजची स्थिती त्यातून गळते. ती राखावयाची तर ‘इट इज स्टिल डाउन’ हे दुसरे वाक्य शिकविणे अवश्य आहे.