विजेचा पुरावा : मुंबईच्या विलगीकरणवादातील एका आर्थिक युक्तिवादाची चिकित्सा

मुंबई प्रांताचे भाषावार विघटन व्हावे की नाही, आणि झाल्यास मुंबई शहर कोणत्या राज्यात असावे, या प्रश्नावर १९४६ पासून १९६० पर्यंत जो वाद झाला त्याचे भावनिक व राजकीय अंग सर्वपरिचित आहे. मोर्चे, गोळीबार, हुतात्मे, १९५७ च्या निवडणुका यांचा इतिहास लिहिला गेला. वादाचे आर्थिक अंग मात्र स्मरणलेखांच्या पुरवणीतच राहिले. वस्तुतः उभय पक्षांनी सादर केलेली निवेदने पाहिली असता भाषेइतकीच जागा जमाखर्चाने व्यापलेली दिसते. संघातून बाहेर पडल्याने कोणाचे किती नुकसान होईल, शहरावाचून प्रांत जगेल काय, प्रांतावाचून शहर जगेल काय, हे त्यांतील मुख्य प्रश्न होत. या युक्तिवादांपैकी एकाची, म्हणजे विजेच्या युक्तिवादाची, परीक्षा येथे करावयाची आहे. तो मराठी पक्षाचा सर्वांत बळकट पुरावा मानला गेला, आणि त्याचा आधार कर्जत व खालापूर या कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) दोन घाटपायथ्याच्या तालुक्यांत होता.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे पाहणे इष्ट. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांच्या अध्यक्षतेखालील मुंबई नागरिक समितीने राज्य पुनर्रचना आयोगापुढे जी भूमिका मांडली तिचे सार असे, की मुंबई हे सर्व जमातींच्या भांडवलाने व उद्योगाने उभारलेले, सर्व भारताचे व्यापारी केंद्र आहे. यास्तव ते कोणत्याही एका भाषिक राज्याच्या स्वाधीन करू नये. याच्या जोडीला आणखी एक आरोप १९४८ पासून होताच. महाराष्ट्रास मुंबई हवी आहे ती तिच्या महसुलातील शिल्लकीवर जगण्यासाठी, असा तो आरोप. त्यात अर्थशास्त्राचा अंश किती आणि हिणवणीचा किती हे ठरविणे कठीण आहे. तथापि त्याच्या मुळाशी एक गृहीत होते, आणि ते तपासण्याजोगे आहे. कर जेथे भरला जातो तेथेच संपत्ती निर्माण होते, हे ते गृहीत होय.

या आरोपास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषावार प्रांत आयोगास १९४८ मध्ये दिलेल्या निवेदनात जे उत्तर दिले ते या वादातील सर्वांत धारदार उत्तर म्हणावे लागेल. मुंबई व महाराष्ट्र हे केवळ परस्परावलंबी नसून एकजीव आहेत, शहराच्या पाण्याचे व विजेचे उगम महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांची ताटातूट दोघांनाही घातक ठरेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या वतीने प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी केलेली मांडणी अधिक विस्तृत व शास्त्रीय होती. परंतु सभांमधून लोकांच्या ओठी राहिला तो विजेचाच दाखला. त्याचे कारण उघड आहे. महसुलाचे कोष्टक डोळ्यांना दिसत नाही. खोपोलीस घाटमाथ्यावरून उतरणारे प्रचंड नळ पुण्याच्या गाडीतून जाणाऱ्या कोणासही दिसत.

वस्तुस्थितीपुरता हा पुरावा निर्दोष आहे. लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली सोडून खालापूर तालुक्यातील खोपोली येथे टाटांनी वीजगृह उभारले, आणि १९१५ मध्ये तेथील वीज मुंबईस पोचली. तिचे आरंभीचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्या. पाठोपाठ १९२२ मध्ये आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेस वाहून जावयाचे पाणी पश्चिमेस वळवून त्याच्या उताराचे रूपांतर गिरण्यांच्या चक्रांत करण्याची ही योजना होती. शहर या उतारावर किती अवलंबून होते याचे प्रात्यक्षिक आयोगांच्या पूर्वीच होऊन गेले होते. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने या परिसरातील विजेचे मनोरे पाडले आणि मुंबईचे कारखाने त्याची झळ सोसू लागले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले. मूठभर तरुणांनी डोंगरात पाडलेल्या मनोऱ्यांनी जे सिद्ध केले त्याहून अधिक कोणतेही निवेदन सिद्ध करू शकत नव्हते.

परंतु येथेच चिकित्सेस प्रारंभ होतो. अवलंबन सिद्ध झाले म्हणजे राजकीय ऐक्याची आवश्यकता सिद्ध झाली काय? याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियाच्या संघराज्यातून बाहेर पडले. त्या नगरीचे पाणी समुद्रधुनीपलीकडील जोहोर राज्यातून येत होते, आणि १९६१ व १९६२ च्या पाणीकरारांना विभक्तीकरणाच्या करारातच हमी दिली गेली. त्या पाण्यावरून दोन देशांत पुढे कटकटी झाल्या, तरी नगरी ओसाड पडली नाही. नळ व तार करारान्वये सीमा ओलांडतात. १९४८ च्या निवेदनकर्त्यासमोर हे उदाहरण नव्हते, हे खरे. पण तशी शक्यता मुंबईच्या धनिकांनी गृहीत धरली असली पाहिजे, असे म्हणण्यास आधार आहे. ज्या घराण्याची वीजगृहे खोपोलीस व भिवपुरीस होती त्याचे प्रमुख जे. आर. डी. टाटा हे स्वतः मुंबई नागरिक समितीत होते. वीज महाराष्ट्रातून येते ही गोष्ट त्यांना सांगावी लागत नव्हती. तरीही तीत शहर वेगळे ठेवण्याला बाध आणणारे काही त्यांना दिसले नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतः आंबेडकरांनी हा युक्तिवाद पुढे निराळ्या कामी लावला. १९५५ मध्ये भाषिक राज्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचविली. त्यांतील एक मुंबईचे नगर-राज्य होते, व ते सबळ व्हावे एवढा महाराष्ट्राचा भाग त्यास जोडावा अशी सूचना होती. सात वर्षांपूर्वी जे अवलंबन ऐक्याचे कारण होते ते आता सीमारेषेचे माप झाले. या बदलास विसंगती म्हणून हेटाळणे सोपे आहे. पण विसंगतीपेक्षा युक्तिवादाचा लवचिकपणा त्यातून अधिक प्रकट होतो. हे माप काटेकोरपणे लावून पाहावे. विजेसाठी खोपोली व भिवपुरी नगर-राज्यात घ्यावी, तर त्यांना पाणी पुरविणारे तलाव बोरघाटाच्या वर मावळात राहतात. तलावही घ्यावेत, तर नगर-राज्याची सीमा भीमेच्या खोऱ्यात शिरते. विजेच्या तर्काने सीमा आखू लागल्यास ती कोठे थांबवावी हे तो तर्क सांगू शकत नाही.

मग या पुराव्याचे खरे मूल्य कोणते? ते महसुलाच्या गृहीताचे खंडन करण्यात आहे, आणि दुर्दैवाने त्या दिशेने तो पुरेसा वापरला गेला नाही. वीज खालापुरात निर्माण होई. कंपन्यांच्या कचेऱ्या मुंबईत असल्यामुळे तिचा नफा व त्यावरील कर मुंबईच्या नावे जमा होई. आणि मग त्याच आकड्यांवरून मुंबई सर्वांना पोसते असा निष्कर्ष निघे. कराच्या पावतीवरील पत्ता हाच उत्पादनाचा पत्ता समजण्याची ही चूक होती. अपुऱ्या आकड्यावर राजकीय निष्कर्ष उभारण्याचा मोह अन्यत्रही दिसतो. २०१६ च्या ब्रिटनमधील सार्वमतात युरोपीय संघास दर आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात असे मोटारगाडीवर रंगवून सांगण्यात आले. त्यात ब्रिटनला मिळणारी सूट वजा केलेली नव्हती, आणि तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने त्यावर जाहीर आक्षेपही घेतला. आकडा मात्र प्रचारात टिकला.

मराठी पक्षाने ही चूक दाखविताना स्वतः तशीच एक चूक केली. त्याने खोपोली महाराष्ट्राच्या खात्यावर मांडली, पण खोपोलीच्या खात्यावर काय, हे विचारले नाही. या पक्षाच्या स्मृतीत मुळशी असावयास हवी होती. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्याच धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. शेते व गावे पाण्याखाली गेली, आणि त्या पाण्यावर १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. तीस वर्षांपूर्वी जी वीज मराठी शेतकऱ्याच्या विस्थापनाची खूण होती, तीच आता मराठी ऐक्याची खूण म्हणून पुढे आली. मधल्या काळात विस्थापिताचा हिशेब चुकता झाल्यामुळे हे घडले असे म्हणता येत नाही. तो हिशेब केवळ वादाच्या कक्षेबाहेर गेला होता.

या तालुक्यांच्या पदरी काहीच पडले नाही असेही म्हणणे न्याय्य होणार नाही. भिवपुरीच्या अवजलावर राजनाला कालव्याखाली कर्जत तालुक्यात उन्हाळी भाताचे दुसरे पीक निघू लागले. ते पाणी पुढे उल्हास नदीतून खालच्या शहरांना मिळते. खोपोलीचे अवजल पाताळगंगेत उतरते व तिच्या काठच्या कारखान्यांना पुरते. ही जमेची बाजू खरी आहे. पण ती चक्रे फिरवून उरलेल्या पाण्याची आहे, आणि डोंगरातील ठाकूर व कातकरी वाड्या कालव्याच्या पातळीच्या वर आहेत. उभय पक्षांच्या मांडणीत ही जमाही आली नाही व हा खर्चही आला नाही.

चिंतामणराव देशमुख हे १९५२ साली कुलाबा मतदारसंघातूनच लोकसभेवर निवडून गेले होते आणि देशाचे अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख जमाखर्चावर नव्हता. निर्णय मंत्रिमंडळास डावलून झाला व गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हा होता. अर्थमंत्र्यानेच आर्थिक युक्तिवाद बाजूस ठेवला ही गोष्ट बोलकी आहे. पुढे १९६० मध्ये राज्य विभागले गेले तेव्हा मात्र हिशेब पुन्हा मेजावर आला. गुजरातची तूट भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने काही वर्षे रक्कम द्यावी असे ठरले, आणि मुंबईच्या शिल्लकीची भाषा कायद्यात आली. राज्याच्या वीजमंडळाचीही विभागणी झाली. टाटांची वीजगृहे खासगी असल्यामुळे त्या वाटणीत त्यांचा प्रश्न उद्भवला नाही. ज्यांच्यावरून दहा-बारा वर्षे वाद झाला ती वाटणीच्या यादीबाहेरच राहिली. खालापूर तालुक्यात नंतर मोरबे धरण झाले. त्याचे पाणी नवी मुंबईस जाते, आणि तेथे तर राज्याच्या सीमेचा प्रश्नच नाही.